‘बहुधा’ खोडू नका: अवशेषांच्या ताबा-पावतीवर सही करणाऱ्यांना खुलं पत्र

मा. साहेब आणि मॅडम,

तुमचं नाव मला माहीत नाही आणि हुद्दाही प्रत्येकाचा वेगळा असेल, कुणी तपास अधिकारी, कुणी शवागाराचे प्रमुख, कुणी मोठा अपघात झाल्यावर रातोरात नेमलेल्या समितीचे अध्यक्ष. पण शेवटच्या कागदावरची सही तुमचीच असते. "सदर अवशेष अमुक यांचेच असल्याची खात्री झाल्याने नातेवाईकांच्या ताब्यात देण्यात येत आहेत", त्या ओळीखालची सही. मी त्या सहीबद्दल लिहितेय.

मी अ‍ॅनाटॉमी शिकवते. एरवी माझा वेळ पोरांना हाडांची नावं पाठ करायला लावण्यात जातो, पण मधूनच एखादी सीलबंद पेटी येते आणि सोबत पत्र, त्यात ठरलेले प्रश्न. हाडं माणसाची आहेत का. पुरुष की स्त्री. वय किती. उंची किती. मरून किती दिवस झाले. कारण काय. आणि सगळ्यात शेवटी, ही अमुक अमुक व्यक्ती असू शकते का. हा शेवटचा प्रश्न खरं तर विचारायलाच नको, कारण तो वाचला की माझं डोकं नकळत त्या नावाकडे झुकायला लागतं. म्हणून हल्ली मी पत्राचं शेवटचं पान हाडं बघून झाल्यावरच वाचते. अख्खा सांगाडा माझ्याकडे जवळजवळ कधीच येत नाही, येतात ते तुकडे.

एका पेटीचं सांगते. बरीच वर्षं झाली त्याला. उजव्या मांडीचं हाड, खालचं टोक तुटलेलं. पाच-सहा बरगड्या. खालच्या जबड्याचा अर्धा भाग, त्यात दोन दाढा. आणि पायाची बारकी हाडं, मातीसकट. धुवून टेबलावर मांडायला घेतली आणि मांडता मांडता हात थांबला, कारण टाचेची हाडं दोन होती आणि दोन्ही उजवी. उजवी टाच माणसाला एकच असते. म्हणजे पेटीत किमान दोन माणसं होती, जास्त असली तर तेही हाडं मोजून कळलं नसतं. मी रिपोर्टात लिहिलं की अवशेष किमान दोन व्यक्तींचे आहेत, मांडीचं हाड बहुधा पुरुषाचं आणि पूर्ण वाढ झालेलं म्हणजे वय बहुधा विशीच्या पुढचं, त्यावरून वयाची वरची मर्यादा सांगता येत नाही, आणि जबडा त्याच माणसाचा आहे की नाही तेही सांगता येत नाही, तर प्रत्येक मोठ्या तुकड्याचा वेगळा डीएनए करावा.

काही महिन्यांनी दुसऱ्याच कामात त्या प्रकरणाचा कागद माझ्या हातात आला. त्यात होतं, "तज्ज्ञांच्या अभिप्रायानुसार अवशेष पुरुषाचे, वय अंदाजे ३० वर्षे." बस्स. दोन माणसांचा एक झाला, दोन्ही ‘बहुधा’ गायब, आणि ३० आकडा कुठून आला तर बेपत्ता माणसाचं वय ३० होतं. यात कुणी खोटं बोललं असं मला नाही वाटत. मी लिहिलं ते कुणीतरी थोडक्यात उतरवलं, ते थोडक्यातलं कुणीतरी टाइप केलं, टाइप केलेलं कुणीतरी फोनवर वाचून दाखवलं, आणि दर पायरीला एकेक शब्द गळत गेला, तुमच्या टेबलावर कागद पोचेपर्यंत त्यात शंका नावाची चीज उरलीच नव्हती. सगळी पेटी एका घरी गेली होती. अंत्यविधीही उरकले होते. पुरलेलं निदान उकरून काढता येतं, दहन झालेलं कुठून आणायचं. ती दुसरी टाच कुणाची हे आता कधीच कळणार नाही, आणि त्या दुसऱ्या माणसाच्या घरचे बहुतेक अजून वाट बघत असतील.

म्हणून हे पत्र.

आधी हे सांगते की तुकड्यावरून आम्हाला नक्की काय कळतं आणि काय नाही, कारण मला वाटतं दोन्ही बाजूंनी गैरसमज आहे. सिरियलमध्ये हाड हातात घेऊन बाई सांगते "स्त्री, सत्तावीस वर्षं, डावखुरी, टेनिस खेळायची". आम्ही ते बघून हसतो, पण तुमच्यातले काहीजण तीच अपेक्षा घेऊन येतात असा माझा अनुभव आहे.

पहिला प्रश्नच, माणसाचं आहे का. सोपा वाटतो. अस्वलाचा पंजा कातडी आणि नखं काढल्यावर माणसाच्या हातापायासारखा इतका दिसतो की तो माणसाचा समजून पोलिसांकडे आणला जाणं ही आमच्या विषयातली जुनी गोष्ट आहे. ज्याला सांध्यांचा आकार माहीत आहे तो लगेच ओळखतो, पण बोटाच्या पेराएवढा, दोन्ही टोकं तुटलेला तुकडा असला तर मलाही मायक्रोस्कोपशिवाय बोलता येत नाही, आणि मायक्रोस्कोपखालीही कधीकधी "माणसाचं असू शकतं" एवढ्यावरच थांबावं लागतं.

पुरुष की स्त्री हे कमरेच्या हाडावरून सगळ्यात चांगलं कळतं. बाळंतपणासाठी ती रचनाच वेगळी असते, खालचा कोन रुंद असतो वगैरे. कमरेचं हाड नसलं की कवटी बघायची, तीही नसली की मांडीच्या हाडाचा वरचा गोळा मोजायचा. आणि इथे गडबड सुरू होते, कारण मापं एकमेकांत मिसळतात, दणकट बाई आणि किरकोळ पुरुष एकाच आकड्यावर येऊन बसतात. लहान मुलांचं तर विचारूच नका, वयात येण्याआधीच्या हाडावरून मुलगा की मुलगी हे ठामपणे सांगणारा कुणी भेटला तर मला जरूर कळवा, मी त्याचा रिपोर्ट दोनदा वाचेन.

वय पोराटोरांचं बऱ्यापैकी कळतं, कारण दात ठरलेल्या क्रमाने येतात आणि लांब हाडांची टोकं ठरावीक वयात जुळतात. सगळ्यात उशिरा जुळतं ते गळ्याजवळच्या कॉलरबोनचं आतलं टोक, पार पंचविशी उलटली तरी त्याचं काम चालूच असतं. तिशीनंतर मात्र वाढ संपलेली असते आणि फक्त झीज उरते, आणि झीज प्रत्येकाची वेगळी. म्हणून आम्ही लिहितो "३५ ते ५५". वाचणाऱ्याला वाटतं ह्यांना काही येत नाही. अहो, येतं म्हणूनच वीस वर्षांचं अंतर लिहिलंय, न येणारा ४५ लिहून मोकळा होतो.

उंचीचं गणित मिल्ड्रेड ट्रॉटर आणि गोल्डीन ग्लेसर ह्या दोघांनी १९५२ मध्ये दिलं, दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या अमेरिकन सैनिकांच्या आणि संग्रहातल्या सांगाड्यांच्या मापांवरून. मांडीचं हाड इतकं लांब तर माणूस इतका उंच. त्यातही स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाजात राहणारी ठरावीक चूक, सव्वातीन सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे खरी उंची त्याच्याही थोडी पलीकडे असू शकते. आणि तेही त्याच लोकसमूहासाठी, दुसरीकडे तेच सूत्र लावलं की चूक वाढते. आणि ज्या उंचीशी तुम्ही जुळवणार ती कुठून येते, तर भावाने हाताने दाखवली "माझ्यापेक्षा इतका उंच होता".

आता डीएनए. ह्या शब्दावर सगळे निर्धास्त होतात. आणि खरंय, तो नसता तर तुकड्यांचं काम नव्वद टक्के थांबलंच असतं असं मला वाटतं. पण तो सुद्धा हाडावर अवलंबून आहे. कानाच्या आत कवटीचा एक भाग असतो, दगडासारखा टणक, त्यात डीएनए फार चांगला टिकतो. दातात टिकतो. वर्षानुवर्षं आम्ही म्हणत आलो की मांडीचं हाड घ्या, जाड आहे, आणि न्यूयॉर्कच्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यातल्या अवशेषांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की गुडघ्याची वाटी आणि पायाची छोटी हाडंही मस्त निकाल देतात, जी आधी कुणी फारशी मनावर घेत नव्हतं. (म्हणून माती चाळताना बारकी हाडं टाकून देऊ नका हो, प्लीज.) आगीत सापडलेलं हाड काळं असेल तर थोडी आशा असते, पण जळून पांढरं, खडूसारखं झालं असेल तर आत वाचायला जवळपास काही राहत नाही. पेशीच्या केंद्रातला डीएनए तुटून गेला तरी मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाचा, सापडायची शक्यता असते कारण त्याच्या पेशीत शेकडो-हजारो कॉपी असतात, पण तो आईकडून येतो, म्हणजे तुमचा, तुमच्या भावाचा, मावशीचा, मावशीच्या मुलाचा एकच. त्यावरून घराणं कळतं, माणूस नाही. एकाच घरातले दोन भाऊ एकाच अपघातात गेले असले की त्या मॅचचा अर्थ काय घेणार?

आणि ‘मॅच’ म्हणजे हो किंवा नाही असं नसतंच मुळी. लॅब एक आकडा देते, की हा तुकडा ह्या आई-वडिलांच्या मुलाचा आहे असं धरलं तर हा निकाल येण्याची शक्यता, अनोळखी माणसाचा धरण्यापेक्षा किती पट जास्त. आई-वडील दोघांचं सॅम्पल असलं की आकडा भरभक्कम येतो. एकुलत्या एका सावत्र भावाचं सॅम्पल असलं तर लंगडा येतो. तुमच्या कागदावर मात्र दोन्ही ठिकाणी एकच वाक्य येतं, "डीएनए जुळला".

हे सगळं वाचून वाटेल की बाई फारच किस काढतेय. म्हणून ज्यांनी किस काढला नाही त्यांचं सांगते.

२६ मे २००३. अफगाणिस्तानातलं काम संपवून परतणारे ६२ स्पॅनिश सैनिक याक-४२ विमानात होते, ते तुर्कस्तानात त्रॅबझॉनजवळ डोंगरावर कोसळलं, कर्मचारी धरून ७५ जण गेले. २८ मेला, म्हणजे दोन दिवसांत, मायदेशी सरकारी इतमामात अंत्यसंस्कार. टीव्हीवर सगळ्या शवपेट्या ओळीने, प्रत्येक पेटीचं नाव ठरलेलं. ३० मृतदेहांची ओळख तेव्हा पटलेलीच नव्हती, तरी त्यांना नावं मिळाली. घरच्यांना शंका आली, त्यांनी पिच्छा सोडला नाही, पुढच्या वर्षी कबरी उकरल्या गेल्या, डीएनए जुळवून बघितला आणि ३० मृतदेह चुकीच्या नावाने गेल्याचं बाहेर आलं. २००९ मध्ये कोर्टाने एका जनरलला तीन वर्षं आणि दोन लष्करी डॉक्टरांना दीड-दीड वर्षाची शिक्षा सुनावली, कागदपत्रांत खोटं लिहिल्याबद्दल. साहेब, त्या कागदांवरही सह्याच होत्या. मला त्या माणसांना राक्षस म्हणायचं नाहीये. वरून फोन येत असणार, कार्यक्रमाची वेळ ठरलेली, घरचे टाहो फोडतायत, आणि हातात पेन. त्या जागी आपण काय केलं असतं हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारते.

आणि उलटं उदाहरण त्याहून जुनं आहे. १९३५ चा सप्टेंबर, स्कॉटलंडमधलं मॉफट, तिथल्या एका ओढ्यात पुलाखाली गाठोडी सापडली, दोन शरीरांचे मिळून सत्तरेक तुकडे. ज्याने केलं तो स्वतः डॉक्टर होता, बक रक्स्टन, त्यामुळे काय काय लपवायचं हे त्याला नेमकं माहीत होतं, एका शरीराच्या बोटांची टोकं कापलेली, डोळे, कान, नाक काढलेलं, दात उपटलेले. सुरुवातीला वाटलं एक पुरुष आणि एक बाई आहे. निघाल्या दोघी बायका, त्याची बायको आणि घरात मुलं सांभाळणारी तरुण मुलगी. जॉन ग्लेस्टर आणि जेम्स ब्रॅश ह्या दोघा प्राध्यापकांनी सगळे तुकडे कोड्यासारखे जुळवले, कुठला कुणाचा ते वेगळं केलं, आणि मग कवटीचा फोटो हयातीतल्या फोटोवर ठेवून बघितला, त्याच कोनातून, त्याच आकारात. आज कुणी हे शिकवताना म्हणतं "फोटोवरून ओळखलं". तसं नाहीये. त्यांचा जोर होता तो कुठली कवटी कुठल्या चेहऱ्याची असूच शकत नाही हे दाखवण्यावर. ही कवटी हिची नाही, ती तिची नाही. आणि जुळतेय तिथे ‘असू शकते’. बाकीचं काम इतर गोष्टींनी केलं, त्यात एक वर्तमानपत्र होतं, तुकडे ज्यात गुंडाळले होते ते, १५ सप्टेंबरच्या अंकाची लँकेस्टर आणि मोरकँब भागापुरती काढलेली खास आवृत्ती, आणि डॉक्टर लँकेस्टरचा. कवटीवर सगळा भार टाकला नाही म्हणून ती केस उभी राहिली असं माझं मत. १९३५ साली, डीएनए तपासणीचं नावही नसताना.

एक गोष्ट तुमच्या मंडळींकडून फार सहज सुटते, ती म्हणजे तुकडा कुणाचा हे कळलं म्हणून तो माणूस मेला हे सिद्ध होत नाही. हात तुटूनही माणूस जगतो, पाय तुटूनही जगतो. बोटाचा ठसा शंभर टक्के जुळला तरी त्यावरून एवढंच कळतं की हे बोट त्याचं. बाकीचा माणूस कुठे आहे? तो कुठल्या तरी हॉस्पिटलात नाव न सांगता येण्याच्या अवस्थेत पडलेला असू शकतो. म्हणून ज्या भागाशिवाय जगताच येत नाही असा भाग आहे का, हे रिपोर्टात वेगळं लिहायला हवं आणि तुम्ही ते वेगळं वाचायला हवं.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबियात, २० ऑगस्ट २००७ ला एका बेटावर स्पोर्ट्स शूज सापडला, आत माणसाचं पाऊल. मग आणखी एक, मग आणखी. लोकांनी काय काय कथा रचल्या, खुनी आहे, टोळी आहे. तपास करणाऱ्यांनी घाई केली नाही. कापल्याच्या खुणा नव्हत्या. पाण्यात पडलेल्या शरीराचा घोटा आधी मऊ पडतो, समुद्रातले किडेमासे तिथून खातात, पाऊल आपोआप सुटतं, आणि हल्लीचे शूज फोमचे, हलके, त्यामुळे ते पाऊल घेऊन वर येतात. जुने जड चामडी बूट तळाशी राहायचे, म्हणून हे आधी दिसत नव्हतं. बहुतेक पावलांची ओळख पटली. एकदा तर कुणीतरी चावटपणा करून प्राण्याचा पंजा बुटात भरून ठेवला होता, तोही पकडला गेला, कारण आधी "माणसाचं आहे का" हा पहिला प्रश्न विचारला गेला.

आता चेहऱ्याबद्दल, अंगठीबद्दल, शर्टाबद्दल. इंटरपोलची मोठ्या दुर्घटनांसाठीची पद्धत आहे, त्यात ओळखीचे मुख्य आधार तीनच, बोटांचे ठसे, दात, डीएनए. बाकी सगळं, टॅटू, दागिने, कपडे, ऑपरेशनच्या खुणा, हे मदतीला. हयातीतली माहिती पिवळ्या फॉर्मवर, मृतदेहाची गुलाबी फॉर्मवर, आणि दोन्ही जुळवणारी माणसं वेगळी. नुसतं बघून सांगितलेल्या ओळखीवर विसंबू नका हे त्यात स्पष्ट आहे, कारण २००२ च्या बाली स्फोटानंतर हेच झालं होतं, घरच्यांनी बघून "हाच" म्हटलं आणि काही वेळा तो तो नव्हता. घरचे खोटं बोलत नाहीत, शोधणं संपावं म्हणून डोळ्यांना दिसतं. आणि तुकड्यात तर चेहराच नसतो, मग लोक घड्याळाकडे बघतात. घड्याळ त्याचं आहे, मान्य. पण ते घड्याळ ज्या बॅगेत सापडलं त्या बॅगेतला हात त्याचा आहे का? स्फोटात, कोसळलेल्या इमारतीत वस्तू आणि माणसं एकत्र मळली जातात, आणि मग आपणच घाईघाईत फावड्याने ती आणखी एकत्र करतो.

सगळ्यात अवघड भाग नातेवाईकांचा आहे, आणि माझ्या मते इथे आपण सगळ्यात वाईट वागतो.

बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सामध्ये जुलै १९९५ ला आठ हजारांच्या आसपास पुरुष आणि मुलं मारली गेली. मारणाऱ्यांनी आधी एकत्र पुरलं, मग पुरावा लपवायला मोठाली यंत्रं लावून ते खड्डे उकरले आणि अवशेष ट्रकने दुसरीकडे नेऊन परत पुरले. त्यामुळे एकाच माणसाची हाडं मैलोन्‌मैल लांबच्या दोन, तीन, त्याहून जास्त खड्ड्यांत सापडली. आधी कपड्यांच्या फोटोंची पुस्तकं करून बायकांना दाखवत होते, कुठे ठिगळ ओळखीचं वाटतंय का बघा म्हणून. मग १९९६ मध्ये स्थापन झालेल्या आयसीएमपी ह्या बेपत्ता लोकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने उलटा मार्ग घेतला, आधी सगळ्या नातेवाईकांचं रक्त, मग प्रत्येक हाडाचा डीएनए, मग कॉम्प्युटरने जुळवणी. २००१ च्या नोव्हेंबरात पहिली मॅच मिळाली, आणि आज सात हजारांच्या जवळपास लोकांची नावं परत मिळाली आहेत.

पण नाव मिळालं म्हणजे माणूस मिळाला असं तिथे झालंच नाही. एका आईला फोन येतो, मुलगा सापडला. म्हणजे मांडीचं हाड सापडलं. ती पुरते. दोन वर्षांनी परत फोन, आणखी सापडलं. परत कबर उघडायची. काही घरांनी ठरवलं, आत्ता नाही, जास्त सापडू दे मग बघू. काहींनी ठरवलं, जे आहे ते द्या, आमचं वय झालंय. दोन्ही बरोबर. पण हे ठरवायचं कुणी? त्यांनी. आपण नाही.

न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात जुळ्या टॉवर्समध्ये २,७५३ लोक गेले आणि अवशेष निघाले जवळपास २२ हजार. २००६ मध्ये शेजारच्या एका इमारतीच्या गच्चीवर हाडांचे सातशेच्या वर बारीक तुकडे सापडले, इतकी वर्षं ते तिथेच होते. ज्यातून आधी काही निघालं नाही ते तुकडे जपून ठेवले, तंत्र सुधारलं की परत काढले, द्रव नायट्रोजनने गोठवून पूड करून परत प्रयत्न. सप्टेंबर २०२३ ला, बावीस वर्षांनी, आकडा १,६४९ वर गेला आणि अकराशेच्या आसपास लोक तेव्हाही बाकी होते. तिथल्या शवतपासणी ऑफिसने एक गोष्ट केली जी मला फार महत्त्वाची वाटते. नातेवाईकांना विचारलं, पुढे आणखी काही ओळखलं गेलं तर दर वेळी कळवायचं, की आता नको? आणि ते लिहून घेतलं.

मग माझं मागणं काय आहे ते सांगते. फार नाही.

रिपोर्टातली वाक्यं थोडक्यात घेऊ नका, जशीच्या तशी चिकटवा. कागद लांबेल, लांबू दे. ‘किमान दोन व्यक्ती’ असं असेल तर ताबा-पावती एकाच नावाची होऊच शकत नाही, हा एवढा एक नियम केलात तरी माझ्या त्या पेटीसारखं परत होणार नाही. प्रत्येक तुकड्याला स्वतःचा नंबर आणि स्वतःचा आधार हवा, जबडा दातांवरून ओळखला तर जबड्याची ओळख पटली, त्याच बॅगेतल्या बरगडीची नाही. दहनाची परवानगी देण्याआधी प्रत्येक मोठ्या तुकड्याचा नमुना वेगळा काढून ठेवा, बोटाएवढा पुरतो, जागा फारशी लागत नाही. आणि जे जुळलं नाही त्यावर "निष्पन्न नाही" असा शिक्का मारून टाकून देऊ नका, आज जुळलं नाही एवढंच त्याचं म्हणणं असतं.

तारीख जाहीर करताना जरा थांबा. "४८ तासांत सगळे मृतदेह सुपूर्द करू" असं कॅमेऱ्यासमोर तुम्ही बोलता तेव्हा शवागारात टेबलापाशी उभ्या असलेल्या पोरांच्या पोटात गोळा येतो हे तुम्हाला कुणी सांगत नसेल, मी सांगते. दोन दिवस जास्त लागले म्हणून आजवर कुणी चुकीचं माणूस घरी नेलं नाही. आणि चूक झाली की ती एका घराची नसते, ज्यांना दुसऱ्याचा दिला ते एक घर, ज्यांचा दुसऱ्याकडे गेला ते दुसरं.

आणि घरच्यांना खरं सांगा. ते झेपणार नाही त्यांना, असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा आपल्यालाच सांगायला झेपत नसतं. बंद पेटी देऊन "उघडू नका" म्हणायचं आणि आत काय आहे ते सांगायचंच नाही, हे मी बघितलंय. एक म्हातारे गृहस्थ मला विचारत होते, "बाई, वजन का लागत नाही हो?" मी काय उत्तर देणार होते? त्यांना आधी कुणी बसवून, पाण्याचा ग्लास देऊन सांगायला हवं होतं की काका, सगळं मिळालेलं नाही, एवढं मिळालंय, एवढ्याची आम्हाला खात्री आहे, ह्या भागाची खात्री नाही, आणि पुढे काही मिळालं तर तुम्हाला कळवायचं का? नको म्हणालात तरी चालेल, मत नंतर बदललंत तरी चालेल. त्या पावतीवर ह्या प्रश्नाचा एक रकाना हवाय मला. दोन ओळींचा. छापून घ्यायला कुणाच्या परवानगीची गरज असेल तर ती तुम्हीच देऊ शकता.

गेल्या आठवड्यात एक पेटी तपासून परत पाठवलीय, तुमच्यापैकीच कुणाच्या तरी टेबलावर असेल आत्ता. हाडं मोजून बांधली आहेत, गुडघ्याची वाटी वेगळ्या पाकिटात ठेवलीय, डीएनएसाठी तीच आधी घ्या. रिपोर्टाची कॉपी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे, चौथ्या ओळीत ‘बहुधा’ आहे आणि सातव्या ओळीत परत एकदा आहे. टाइप करणाऱ्याला दोन्ही दाखवा.

आपली,
हाडं मोजणारी एक शिक्षिका